दोन बाजांवरचे टमाटे

गोदाक्का गेल्याचं कळलं ते सकाळी, दूध गॅसवर असताना. फोन रेखाचा होता, त्यांच्या सुनेचा. "काकू, आत्या गेल्या," एवढंच बोलली आणि तिला पुढं बोलता येईना. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळलं, आणि मी हातात फोन धरून तशीच उभी. तेराव्यापर्यंत मी रडत होते. बेंबळीतल्या बायका एकमेकींना म्हणाल्या की लेकीपेक्षा शाळेच्या बाईच जास्त रडल्या. त्यानंतर मात्र मला रडू आलेलं नाही. का आलं नाही, ते लिहिल्याशिवाय आता मला चैन पडायचं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण शाळेत चौतीस वर्षं पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून मी छड्या मारल्या. आता म्हातारपणी स्वतःसाठी वेगळा नियम कुठून आणू?

बेंबळीत माझी बदली झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी माझे यजमान अपघातात गेले. मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी परत ये म्हटलं, पण नोकरी इथं होती, म्हणून राहिले. गाव मला कधी तोडून बोललं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त हळूहळू बोलावणी कमी झाली. हळदीकुंकवाचं सोडाच, पण त्या उन्हाळ्यात शेजारच्या अंगणात पापड चालले होते म्हणून मी हात लावायला गेले, तर एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "बाई, तुम्ही बसा निवांत. साळंत दमून आल्यात." मला काय ते समजलं. मी उठणार तेवढ्यात पलीकडून एक दणदणीत आवाज आला. "नासायचं आसलं तर मीठ कमी पडल्यानं नासतंय. बाईच्या हातानं नासाया ती काय इख कालवतीया का?" तो आवाज गोदाक्कांचा. उंचपुऱ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला पदर खोचलेला. त्यांनी माझ्या हाताला धरलं आणि सरळ आपल्या घरी नेलं. जाता जाता म्हणाल्या, "तुजं नाव काय गं? इमल न्हवं? चल इमल, माज्याकडं टमाटे ढीगभर पडल्यात."

तेव्हापासून सव्वीस उन्हाळे मी त्यांच्या अंगणात टमाटे चिरले. गावालगतच्या विहिरीपाशी त्यांनी घरापुरती म्हणून रोपं लावायची आणि फाल्गुन लागला की टमाटे घरात मावायचे नाहीत. आमटीत टमाटे, भाजीत टमाटे, गड्यांच्या फडक्यात टमाटे, शेवटी माझ्या पिशवीत टमाटे. तरी उरायचे. वाया घालवणं आक्कांच्या स्वभावात नव्हतं. जे हिरवे राहायचे त्यांची तीळ आणि शेंगदाणे घालून चटणी. जे फार पिकायचे ते शिजवून, गाळून, गूळ-तिखट घालून आटवायचं आणि ताटाला तेल लावून पसरायचं, म्हणजे आंबापोळीसारखी पोळी निघायची. आणि जे कडक, भरलेले असायचे त्यांच्या चकत्या. मीठ लावायचं, बाजेवर जुनं धुतलेलं लुगडं अंथरायचं, त्यावर चकत्या मांडायच्या, माश्या बसू नयेत म्हणून वरून पातळ फडकं. चार दिवस चैत्राचं ऊन खाऊ घातलं की त्या कुरकुरीत व्हायच्या आणि वर्षभर टिकायच्या. आमच्याकडं लोक चिंच घालतात तिथं आक्का या चकत्या घालायच्या.

बाजा दोन असत. एक आक्कांची, एक माझी. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं की दोन कशाला, एकीवर मावतं की. आक्का म्हणाल्या, "तू पातळ कापतीस, म्या जाड. जाडपातळ येका जागी वाळत न्हाई बग. निम्म्या करपत्यात, निम्म्या ओल्या ऱ्हात्यात." मला ते इतकं पटलं! मी वर्गातसुद्धा सांगितलं की पोरांनो, शेतकऱ्याच्या बाईला विज्ञान शिकवावं लागत नाही. पुढं मी जाड कापायला शिकले, अगदी त्यांच्यासारखं. तरी बाजा दोनच राहिल्या. वाळल्यावर त्यांच्या चकत्या देवघराजवळच्या चिनीमातीच्या बरणीत जायच्या आणि माझ्या माळवदाखालच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात. मी शिक्षिका, चिकित्सक म्हणून तालुक्यात नाव असलेली. मला कधी शंका आली नाही. प्रेमाच्या माणसाची उलटतपासणी करत नाहीत.

आमच्या भागात वेळ अमावस्येला, आम्ही येळवस म्हणतो, सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळीची भाजी, तिचा आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग गावभरच्या लोकांना बोलावून जेवू घालायचं. सव्वीस वर्षांत माझी एकही येळवस आक्कांच्या शेताबाहेर झाली नाही. नैवेद्य दाखवून झाला की आक्का पहिलं ताट मला वाढायच्या आणि चारचौघींत म्हणायच्या, "कशी झालीया भज्जी? चव का आली ठावं हाय का? हिच्या हातच्या चकत्या हायत तिच्यात." बायका मान डोलवायच्या. मी खाली मान घालून खायचे, कारण डोळ्यांत पाणी यायचं. ज्या हाताला पापडाच्या पिठाला शिवायची बंदी झाली होती, तो हात आता देवाच्या पानात होता. या एका गोष्टीवर मी गावात ताठ उभी राहिले, हे मी कुणाला सांगितलं नाही, पण ते खरं आहे. एकदा महिला दिनाला शाळेत मी भाषण केलं, तेव्हा आक्कांचं ते मिठाचं वाक्य सगळ्यांना सांगितलं, ही येळवसेची गोष्टही सांगितली. टाळ्या पडल्या. आक्का पुढंच बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहिलं. मला वाटलं, किती विनयशील बाई!

मला विषमज्वर झाला तेव्हा अकरा दिवस आक्का माझ्या उशाशी होत्या. माझी लुगडी धुतली, पेज भरवली, हेही लिहायला हवं. त्यांच्या मोठ्या मुलाच्या शाळेचे सगळे पेच मी सोडवले, थोरल्या लेकीच्या सासरच्या भांडणात मीच बोलणी केली. आमच्यात तुझंमाझं नव्हतं. माझ्या घरी येऊन त्या हक्कानं डब्यातली भाकरी काढून खायच्या... माझ्याच हातची.

शेवटची भेट सोलापूरच्या दवाखान्यात झाली. तोंड सुकलेलं, हाताला सुया. मी चमच्यानं पाणी पाजलं. मला म्हणाल्या, "इमल, टमाटे लागल्यात बग औंदा. रेकाला त्यातलं कायबी येत न्हाई. तू शिकव तिला. सोडू नगंस." मी म्हणाले, "आक्का, शब्द देते, शिकवीन. पण तुम्हीही या. मी पातळ कापते ना." त्या हसल्या नाहीत. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिल्या, ओठ हलले, मग डोळे मिटून घेतले. काहीतरी सांगायचं होतं, असं आता वाटतं. की मीच त्यांच्या बाजूनं वकिली करतेय, कोण जाणे.

तेराव्यानंतर आठवड्यानं मी गेले तेव्हा रेखा कोठीची खोली आवरत होती. तिनं फळीवरचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला आणि साधेपणानं म्हणाली, "काकू, ह्या तुमच्या हायत, घिऊन जावा. आता पाव्हणंरावळं कमी झालं, गडीबी न्हाईत. कोण खायाचं?" मी म्हटलं, "अगं, येळवसेला लागतील की." ती चटकन बोलून गेली, "न्हाई, येळवसेला बरणीतल्याच. कुकू नसलेल्या हातचं देवाला..." आणि तिथंच थांबली. मी विचारलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "म्या लग्न हून आल्यापासनं आसंच हाय. आत्यांनी पयल्या साली सांगितलं, डबा आन् बरनी येक करायचं न्हाई." मी डबा उघडून पाहिला. एकीलाही बुरशी नव्हती, एकीलाही वास नव्हता. मीठ बरोबर पडलं होतं.

मी घरी आले आणि आठवडाभर कुणाशी बोलले नाही. मनात आक्कांसाठी सबबी शोधत होते. सासू कडक होती, तिच्या धाकानं केलं असेल. पण सासूला जाऊन पंधरा वर्षं झाली, बाजा काही एक झाल्या नाहीत. घरातल्या पुरुषांनी सांगितलं असेल. पण त्या घरात पुरुषांचं चालत होतं कधी? मग उरतं ते एकच. त्या दिवशी पापडाच्या अंगणात जे बोलल्या, ते त्यांना स्वतःलाच पटलेलं नव्हतं. न पटलेलंही असू दे. माणसाला भीती असते, देवाची, रूढीची. मला सरळ सांगितलं असतं, "इमल, माझं धाडस होत नाही," तर मी चार दिवस रुसले असते आणि पाचव्या दिवशी चिरायला गेले असते. राग त्याचा नाही. राग त्या भज्जीच्या ताटाचा आहे. सव्वीस वर्षं, चारचौघींत, माझ्या तोंडावर... आणि तिथं जेवणाऱ्या निम्म्या बायकांना खरं काय ते ठाऊक असणार. त्या मान डोलवत होत्या, आणि मी कौतुक समजून डोळे पुसत होते.

गेल्या रविवारी रेखा दारात आली. दोन्ही हातांत टमाट्यांच्या बादल्या. "काकू, सडाया लागल्यात. मला येत न्हाई." मी म्हटलं, "देवाला न चालणाऱ्या हाताकडनं शिकून काय करशील?" ती उंबऱ्यातच बसली. मग म्हणाली, "म्या आत्यांस्नी येकदा म्हनलं हुतं, काकूस्नी सांगून टाका. बरं न्हाई दिसत ह्ये. तर म्हनल्या, सांगितलं तर इमल यायची बंद हुईल. आन् मग रडल्या." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं का? मला आणखीच संताप आला. म्हणजे कळत होतं. देवही हवा होता, मीही हवी होते, आणि दोन्ही राखायला खोटं बोलणं त्यांना परवडलं. फसवलं कुणाला, तर मला. देवाला नाही.

तरी मी चटई टाकली. शब्द दिला होता, तो माझा होता. आम्ही दोघींनी दुपारपर्यंत चिरलं, मीठ लावलं, माझ्याच गच्चीवर, माझ्याच चादरीवर पसरलं. रेखाचा हात चांगला आहे, लवकर शिकली. चार दिवसांनी वाळलेल्या चकत्या भरून न्यायला ती आली तेव्हा म्हणाली, "काकू, औंदा येळवसेला ह्याच घालनार. आईची आन." मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. खरं बोलत असावी. पण तसलाच चेहरा मी सव्वीस वर्षं पाहिला होता, आणि तोही मला खराच वाटला होता. आक्कांनी माझं काय नेलं ते मला त्या क्षणी समजलं. मी म्हणाले, "घाल बाई."

रेखा डबा छातीशी धरून निघाली. मी दारात उभी राहून ती गल्लीच्या कोपऱ्याला वळेपर्यंत बघत राहिले. घरी जाऊन ती तो कुठं ठेवणार, हे काही मला इथून दिसत नव्हतं.