तेलविहिरीचा बघण्याचा कार्यक्रम

रविवारी सकाळी साडेनऊला आखातातून आमच्या विजयचा व्हिडिओ कॉल आला. इकडे हजर मी आणि सौ. त्याच्या तेलक्षेत्रात पैसे गुंतवायचे का, हे ठरवायला परदेशी कंपनीचे लोक आले होते. ते नको म्हणाले तर त्याची नोकरी जाणार होती. मागे ताजे रंगवलेले पाइप चमकत होते.

"अगदी मुलगी बघायचा कार्यक्रम, बाबा!"

"मग पोहे दिले का?" सौ. म्हणाली.

"खजूर दिले, आई. विहिरीचं वय विचारताहेत."

हिला बघायला गेलो होतो, तेव्हा चहाचा कप धरताना घाम मलाच फुटला होता. अब्जावधींचे मालकही कप सांभाळूनच धरत असतील.

संध्याकाळी होकार कळला. पेढेवाल्याला सव्वा किलोचे सातशे रुपये दिले. किलोभर विजयच्या नोकरीचे, पाव किलो विहिरीचे.