पाच डोस

बहिणीच्या औषधांची यादी माझ्या फ्रिजच्या दारावर असते. वर्षापूर्वी ती आसेगावहून वाशिमला माझ्याकडे राहायला आली, कारण इथून दवाखाना जवळ. तेव्हापासून दर महिन्याला मी यादी नव्याने लिहिते. सकाळी पित्ताची गोळी. खाजेसाठी पाण्यात कालवायची पूड, पण ती बाकीच्या गोळ्यांपासून चार तास लांब. हाडांसाठी कॅल्शियम. पोटात पाणी साचू नये म्हणून लघवीची गोळी. आणि तिन्ही वेळा, लाल शाईने, गोड पातळ औषध.

तिला कावीळ झालेली नाही, हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगून थकले आहे. यकृतातल्या बारीक पित्तनळ्या शरीर स्वतःच खराब करत जातं. सुरुवातीला नुसती खाज होती. ती कंगव्याने तळपाय ओरबाडायची आणि आम्ही तिला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालत होतो. आजाराचं नाव कळेपर्यंत यकृत आकसायला लागलं होतं. पुढे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधाव्या लागल्या.

लाल शाईचं कारण डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. आतड्यात तयार होणारं विष यकृत गाळतं. हिचं आता पुरतं गाळत नाही. पोट साफ झालं नाही की ते डोक्यात चढतं. माणूस आधी पेंगतो, मग बरळतो, मग हाक मारली तरी उठत नाही. म्हणून या औषधाने दिवसातून दोन-तीनदा पोट साफ झालंच पाहिजे. घरी तपासायला त्यांनी दोन गोष्टी दिल्या. एक कागद, त्यावर एक ते पंचवीस आकडे विखुरलेले. ते क्रमाने रेघेने जोडायचे, घड्याळ लावून. दुसरी तपासणी हातांची. "एसटीला हात दाखवता ना, तसे दोन्ही हात समोर धरा, पंजे वर," डॉक्टर म्हणाले. पंजे स्थिर राहिले तर ठीक. सारखे खाली पडायला लागले तर लगेच निघायचं.

दर रविवारी चहानंतर मी ही परीक्षा घ्यायचे.

"शाळेत तेहतीस पोरं आहेत तुले, ताई," ती म्हणायची. "तेवढ्यानं पोट नाई भरत काय? माह्याच मागं काहून लागली व?"

पण आकडे पन्नास सेकंदांत जोडायची.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं, जऊळक्याला. तिला जायचंच होतं.

"येते मी. पण ते पातळ औषध नाई घेणार," ती म्हणाली. "तिथं चाळीस पाव्हणे अन् संडास एक. बाया लाइनीत उभ्या अन् मी तिसऱ्यांदा डबा घेऊन. मले नाई जमत."

तिची लाज मला पटली. मी यादी काढली आणि प्रवासाच्या दिवसाच्या तिन्ही लाल ओळींवर पट्टी ठेवून रेघ मारली. समोर लिहिलं, "दुसऱ्या दिवसापासून नियमित." डॉक्टरांना एक फोन करावा, हे मला सुचलं नाही. बॅग भरून झाल्याचं समाधानच फार होतं.

लग्नघरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळभर पेंगत होती. रात्रभर जागी होती म्हणे. बॅगेची किल्ली कुठे आहे, हे तिने मला तीनदा विचारलं. ब्लाउज उलटा घातला, तेव्हा बाया हसल्या, तीही हसली. मी हे सगळं पाहिलं. घरी असतो तर त्याच क्षणी आकड्यांचा कागद काढला असता. तिथे मी पत्रावळी मोजत होते. सकाळचं औषध ती नको म्हणाली, दुपारचंही. मी म्हटलं, उद्या घरी गेल्यावर घेऊ.

दुपारी बांगड्या भरायला मनियारीण चाची आली. तिचा नवरा व्हॅनमधून पेट्या उतरवत होता. सगळ्या बाया मंडपात गोल करून बसल्या. नवरीचा चुडा झाला, काकूंचा झाला, मग बहिणीचा नंबर आला. चाचीने तिची बोटं दाबून मऊ केली, एक बांगडी चढवली आणि म्हणाली, "बाई, आता हात सरळ धरा."

बहिणीने हात समोर धरला. पंजा वर झाला आणि खाली पडला. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"इतका ढिला नका सोडू."

तिसऱ्यांदा पंजा चाचीच्या पेटीवर आपटला आणि बांगडी फुटली.

"फुटली म्हनू नका व कोनी, वाढवली म्हना!" काकू ओरडल्या.

"उपाशी असन. चहा द्या तिले," दुसरी एक बाई म्हणाली.

चाची हसली नाही. तिने बहिणीचं मनगट धरून ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "सारी उमर चुड्या भरून राह्यली मी, बाई. घाबरलेला हात असा नाई कापत. धरला की राहते, सोडला की पडते."

मी बहिणीसमोर बसले. "एसटीला हात दाखव," म्हटलं.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "कोणती एसटी? गेली ना ती." मग मंडपाच्या दाराकडे बघून म्हणाली, "आई अजून आली नाई व?"

आईला जाऊन बारा वर्षं झाली.

मी पिशवी उचलली. नवरीची आई, म्हणजे आमची वहिनी, आडवी आली, हळदीच्या दिवशी फुटक्या बांगडीनं माहेरवाशीण जाऊ देऊ का, जरा थांबा, ओटी भरते म्हणाली. बहिणीचे यजमानही आदल्या दिवशी शेतातून आले होते. ते म्हणाले, "ताई, झोपू द्या ना तिले. जागरणानं झालं असन."

"आत्ता झोपली तर उठणार नाही," मी म्हटलं.

चाचीच्या नवऱ्याने न सांगता व्हॅनमधल्या उरलेल्या पेट्या उतरवल्या आणि आम्हा तिघांना आत बसवलं.

रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी संपता संपेना. बहिणीचं डोकं माझ्या खांद्यावर घसरत होतं आणि मी तिला आकडे म्हणायला लावत होते. एक, दोन, तीन. सातला थांबायची, पुन्हा तीनवर यायची. पिशवीत पातळ औषधाची बाटली होती, सील न फोडलेली. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात काही ओतायचं नाही, ठसका लागून ते छातीत जाईल, हे मला पाठ होतं. म्हणून बाटली मांडीवर धरून बसले. मालेगाव मागे टाकलं तेव्हा ती आकडेही म्हणेना.

वाशिमला डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले, पोट दाबलं, दोन प्रश्न विचारले आणि माझ्याकडे वळले. "पातळ औषधाचे किती डोस चुकले?"

"तिनंच टाळले असतीन, डॉक्टरसाहेब," यजमान म्हणाले. "लाजते ती."

ते तसंच राहू देता आलं असतं.

"पाच," मी म्हटलं. "तीन मी यादीतून काढले. दोन मी दिले नाहीत."

डॉक्टर रागावले नाहीत. आकडा मिळाला हे बरं झालं, एवढंच म्हणाले. तरी जंतुसंसर्ग आणि पोटातला रक्तस्राव तपासायला रक्त घेतलं. नाकातून नळी घातली, त्यातून तेच गोड औषध, एनिमा, सलाइन. दुसऱ्या हातातल्या बांगड्या काढून मला दिल्या. "उद्या दुपारपर्यंत शुद्धीवर आल्या नाहीत तर अकोल्याला हलवायचं," असं सांगून ते गेले.

दुसऱ्या दिवशी, तिकडे अक्षता पडायच्या वेळेला, तिने डोळे उघडले. हात पाहिला.

"बांगड्या काहून काढल्या?"

मी लगेच खूश झाले नाही. पर्समधून कागद काढला, पेन्सिल दिली, घड्याळ लावलं. ती हळूहळू जोडत गेली. चौदावर थांबली. पेन्सिल कागदावर घिरट्या घालत होती आणि पंधरा तिच्या अंगठ्याखाली होता. यजमान बोट दाखवायला वाकले, मी त्यांचं मनगट धरलं. अंगठा हलला. पंधरा, सोळा, पुढे सरळ पंचवीसपर्यंत. दोन मिनिटं दहा सेकंद.

"नापास?" तिने विचारलं.

"नापास."

मग मी तिला सांगितलं, यादीतल्या लाल ओळींवर रेघा कोणी मारल्या ते.

"मीच म्हटलं होतं तुले, नाई घेत म्हणून," ती म्हणाली. "पण तू काहून ऐकलं? तू कोणाचं ऐकते काय कधी?" मग कागद माझ्याकडे सरकवत, "लिही. कोणाकडं जायच्या आधी विचारायचं, संडास किती. अन् विचारशीन तू. मले लाज वाटते, तुले नाई."

ती ओळ आता यादीत सगळ्यात वर, लाल शाईने आहे. पुढचं आमंत्रण मेडशीचं आलं. मी फोन केला. तिथले घरमालक आधी गोंधळले, मग म्हणाले, "दोन आहेत, बाई. एक घरात, एक मंडपाच्या मागं. मागच्याले कडी नाई पण."

मी लिहून घेतलं: कडी एक, स्क्रू चार, पेचकस.