ओढ्याकाठचा झोपाळू डबा

"आधी झोपवा त्याला!" हा माणूस कुणाच्याही घरात शिरला की असं म्हणत पहिला हात बटणावर. पंखा बंद, दिवा बंद. एकदा आमच्या निषेध सभेत मी "भांडवलदारांनो" एवढंच म्हणालो, तोवर यानं लाऊडस्पीकर बंद केला. म्हणे, "समोर तुमच्याच घरची माणसं बसलीत. आवाज पोचायलाय की."

लातूरकडचा. नोकरी हिंजवडीत, खोली घोटावड्यात, आमच्या आक्काकडे. छोटी यंत्रं कमीत कमी बॅटरी खाऊन महिनोन्महिने चालावीत, असे प्रोग्राम लिहायचा. आमच्या धरणाच्या पाण्यावर वीज होते ती मुंबईला, आम्हाला लोडशेडिंग, आणि हा महाशय बॅटरी वाचवतोय! माझं डोकं फिरायचं. तुमचंही फिरलं असतं.

पण त्याची गरज आम्हालाच पडली. ओढ्याच्या वरच्या अंगाचा एक कारखाना काळं पाणी सोडायचा. आक्काच्या भाताची रोपं त्यानं जळायची. पुलावर पहारा बसवला की ओढा गंगेसारखा. पहारा चहाला गेला की काळा. सरकारी साहेब जीपमधून यायचे, स्वच्छ ओढा बघायचे, आक्काचाच चहा प्यायचे आणि आम्हालाच अक्कल शिकवून जायचे.

यानं पुलाखाली एक डबा बांधला. आत बॅटरी नि सिमकार्ड, दोन तारा पाण्यात. पाण्यात काही मिसळलं की डब्यानं मला आणि साहेबांना मेसेज करायचा. एरवी झोपायचं.

आठवडाभरात डबा मेला. नवी बॅटरी घातली, तीही मेली. "कारखान्याचा हात आहे!" म्हणून मी पत्रक लिहायला बसलो. यानं डबा उघडून तपासला.

"पुढारी, कारखाना नाही. तुमचं गाव. सगळे मिस्ड कॉल द्यायलेत. रिंग आली की ते बिचारं दचकून उठतंय."

नंबर त्यानं आक्काला दिला होता, आक्कानं अख्ख्या आळीला. ती जराही वरमली नाही. "जित्तं हाय का न्हाई बघत व्हतो. गप पडल्यालं बघवतंय व्हय?"

"आक्का, झोपलेल्या नातवाला असं हलवून बघता का?"

"बघते की!"

त्यानं प्रोग्राम बदलला. डबा अधूनमधून आपणहून उठणार, पाणी चाखणार, पुन्हा झोपणार. फोन चालू होणार तो फक्त मेसेज करायचा असेल तेव्हा. मग कधीही नंबर लावा, फोनमधली बाई सांगायची: बंद आहे. गाव खवळलं, "इंजिनेरनं मारलं की वो डब्याला!" मीही त्याला वाट्टेल ते बोललो.

तो म्हणाला, "ते तुमच्यासारखं नाही. काम असलं तरच तोंड उघडतंय."

आणि एका दुपारी, ताटावर बसलो असताना, मेसेज आला. साहेब नेमके जवळच पौडात होते, नाइलाजानं आले. ओढा काळाकुट्ट. आक्कानं पेलाभर पाणी काढून त्यांच्यापुढं धरलं. "आज च्या न्हाई. ह्येच प्या."

कारखान्याचा पाइप बंद झाला. त्या साली आक्काचं भात उभं राहिलं.

मग कंपनीनं त्याला बंगळुरूला धाडलं. जाताना खोलीचा मेन स्विच पाडून चावी आक्काच्या हातात देऊन गेला. डबा अजून पुलाखाली आहे. सकाळी आक्का नंबर लावते, 'बंद आहे' ऐकते नि खुशाल खाचराकडं जाते.

परवा तिनं बंगळुरूला त्याचा नंबर लावला. तीच बाई, तेच उत्तर. "आक्का, परत लाव," मी म्हणालो.

तिनं फोन ओट्यावर उपडा ठेवला. "नगं. झोपू दे लेकराला. काम आसंल तवा बोलंल."