ताईच्या घरचं प्रभूचं ताट

कामशेतची तांदळाची दुकानं मागे पडली, एसटी छोटा घाट चढून उतरली आणि पवनेचं पाणी दिसलं. काठाने शहरी पाहुण्यांचे रंगीत तंबू. एरवी मी खूश झालो असतो, पण मी निघालो होतो ताईला कायमची पुण्याला आणायला. तिचा एकुलता एक अमोल वर्षापूर्वी याच रस्त्यावर जीपखाली गेला. मेहुणे त्याआधीच वारले. एकट्या बाईने पवनानगरात राहायचं तरी कशाला, असं माझं म्हणणं.

ताई दारातच उभी होती. लग्नानंतर तीस वर्षं इथे काढून ती इथलीच बोली बोलते.

"लय दिसांनी आलास, दिलीप. चल, हात धू."

आत तीन ताटं मांडलेली. इंद्रायणीचा वाफाळता भात आणि धरणातल्या माशांचं कोरड्यास (भातावर घ्यायचं कालवण). भूक सपाटून लागलेली. समोरच्या पाटावर मी फतकल मारली.

"तितं नगं बसू. ते प्रभूचं ताट हाय."

मला हसूच आलं. "ताई, जेवणाआधी आपण प्रभूला बोलावतो. ताट कुणी वाढत नाही!"

"बोलवायचं आन् ताट मांडायचं न्हाई? ही कुटली रीत? मी रोज मांडते. दारात जो यील त्याला वाढायचं."

चाळीस वर्षं चर्चला जाणारा मी. मला शिकवते, असं मनात म्हणत दुसऱ्या पाटावर सरकलो. आम्ही डोळे मिटले. "प्रभू येशू, आज आमच्यात जेवायला ये," ताई म्हणाली.

डोळे उघडले तर चाळिशीचा एक माणूस उंबऱ्याबाहेर चपला काढत होता. मागे त्याची जीप उभी.

"ये किसन, बस," ताई म्हणाली.

माझा पहिला घास हातातच राहिला. कोर्टात हेच नाव पुकारलं होतं.

"ताई, हा तोच?"

"व्हय. अमोल ह्याच्याच जीपखाली गेला." बोलता बोलता ती त्याच्या ताटात भात वाढत होती.

मी ओरडलोच, "आणि तू याला जेवायला बोलावतेस?"

"मी प्रभूला बोलावलं. दारात ह्यो आला. पयल्यांदा आला तवा धा दिस मी दार लावून घेतलं. मंग मलाच घास जाईना."

किसनची मान वर होत नव्हती. तो भात नुसता कालवत होता. मी उठलो, हात धुतला. पिशवी भर, आत्ताच्या आत्ता निघू, असं ताईला सांगितलं.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "हितलं ताट कोन वाढंल?"

मी एकटाच रस्त्यावर आलो. थोड्या वेळाने जीप शेजारी थांबली.

"मामा, कामशेतपातुर सोडतो. बसा की."

मामा! अमोल मला तशीच हाक मारायचा. अंगाचा भडका उडाला. "नको," एवढंच म्हणालो आणि दीड तास उन्हात एसटीची वाट बघितली.

संध्याकाळी घरी पोचलो. माझ्या दारावर सोनेरी अक्षरांची पाटी आहे, 'प्रभू, या घरात ये.' मीच हौसेने करून घेतलेली. किल्ली काढताना ती वाचली आणि दार न उघडता पायरीवरच बसलो. ज्याला मी बोलावतो तोच दुपारी ताईकडे जेवायला आला होता, आणि मी भरल्या ताटावरून उठून आलो होतो.