कोहिम्याला राहिला

मी सातारची. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले, तेव्हा इथल्या माणसांच्या 'राहिलो'नं मला पार वेडं करून सोडलं. आमचे हे, मनोहर, तिगाव स्टेशनावर पोर्टर. पहिल्याच आठवड्यात दारातून ओरडले, "इंदू, मी जाऊन राहिलो!" आता हा बाबा कुठं जाऊन राहिला, किती दिवस राहिला? चहा घेऊन बाहेर येते तर माणूस गायब. त्यांचं 'जाऊन राहिलो' म्हणजे आपलं 'निघालोय', हे मला मोठमायनं समजावलं, तेही पोट धरून हसत.

मोठमाय म्हणजे यांची थोरली चुलती, मनकर्णा. गोष्ट तिचीच आहे.

तिचा नवरा मोतीराम महायुद्धात मजुरांच्या टोळीबरोबर आसामकडं सडक बांधायला गेला, तो परत आलाच नाही. त्याची अ‍ॅल्युमिनियमची थाळी तेवढी घरी आली. मोठमाय त्या थाळीत कोंबड्यांना दाणे घालायची आणि घालताना रोज त्याला एक शिवी हासडायची. "तिकडं दुसरी करून बसला मुडदा!" त्याचं नाव काही तिनं कधी घेतलं नाही. तरुणपणी सौसरच्या रघुनाथनं तिला मागणी घातली होती. नवरा गेलेल्या बाईचा आमच्यात पाट लागायचा, त्यात काही कमीपणा नव्हता. पण हिचं एकच, "नवरा जिता हाये नं. पाट कसा लावू?" रघुनाथ बरीच वर्षं थांबला आणि मग त्यानं दुसरीकडं लग्न केलं. "भला मानूस होता वं," असं मोठमाय कधीतरी म्हणायची आणि लगेच विषय बदलायची.

पंच्याऐंशी सालची गोष्ट. मी शाळेत इतिहास शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी कुठं मिळाली, हा ठरलेला प्रश्न. संध्याकाळी ओसरीवर बसून मी उद्याचा धडा मोठ्यानं वाचत होते आणि मोठमाय बाजूला तूर निवडत होती. स्टालिनग्राडला जर्मनांचा कणा मोडला, अल अलामीनला त्यांची वाट अडली, आणि चव्वेचाळीस साली कोहिम्याला जपानी अडले ते तिथून मागंच हटत गेले.

"कोहिमा?" तिचा हात थांबला. "थेच गाव. तिथंच तर राहिला थो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यायच्या टोळीच्या मुकादमानं. थाळी घिऊन आला होता. म्हने, तुमचा मानूस कोहिम्याला राहिला. येवढं बोलला अन् रडून राहिला. मले वाटलं, दोस्त बाईच्या नादी लागला म्हनून याले शरम येऊन राहिली. म्या त्याले पानीबी नाई पुसलं."

"मुकादम कुठला होता?"

"तुह्याच मुलखाचा. सातारकडचा."

मी पुस्तक मिटलं. आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. माझे चुलत आजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला राहिले'. लढाईत गेलेल्याला 'मेला' म्हणायला आमच्याकडं जीभ रेटत नाही, 'राहिला' म्हणतात, आणि ऐकणारा समजून घेतो. मुकादमानं मन राखून सांगितलं, पण मोठमायनं ते आपल्या बोलीत ऐकलं. तिकडंच घर करून राहिला, असं.

सांगू की नको? त्या रागाच्या बळावर ती बाई एवढी वर्षं उभी होती. पण तो बिचारा मातीत जाऊन रोज शिव्या खात होता, हेही मला सोसवेना. जीव घट्ट केला.

"मोठमाय, लढाईत गेलेल्या माणसाला आमच्याकडं 'राहिला' म्हणतात. मेला म्हणत नाहीत."

"पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं.

"म्हंजे दुसरी नोती?"

"नव्हती. ते तिथंच गेले, मोठमाय."

"अवं माय!" तिनं सूप बाजूला सारलं. "रघुनाथले म्या परत धाडलं वं. त्या येका शब्दापायी ना मी रांड झाली, ना कोनाची बायको." मग तिला रडू फुटलं. मीही रडले. मला त्या मुकादमाचा असा संताप आला! अरे, मेला म्हणाला असतास तर तुझी जीभ झडली असती का?

सकाळी उठून बघते तर मोठमाय अंगणात बसून राखेनं थाळी घासत होती. भोवती कोंबड्या कलकलाट करत होत्या आणि ती त्यांना हाकलत होती. घासून घासून थाळीची कड चमकायला लागली होती.

"इंदू, विहारात भन्तेजीले सांगजो, गेलेल्या मानसायत आमच्या मोतीरामचं नाव घ्या म्हना."

नवऱ्याचं नाव तिनं स्वतःहून घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. ती थाळी पुसून आत घेऊन गेली आणि आतूनच म्हणाली,

"अन् कोंबड्यायसाठी दुसरं भांडं पाय."