टाकीतलं शास्त्र

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडी तारा बनवणाऱ्या एका कारखान्यात झुंबर सांगळे सांडपाण्याच्या टाकीवर कामाला आहे. तारांवरचा गंज काढायला त्या गंधकाच्या आम्लात बुडवतात आणि ते वापरलेलं पाणी झुंबरच्या टाकीत येतं. त्यात चुना कालवून ओतायचा, कागदाची पट्टी बुडवायची आणि रंग बघायचा. लाल म्हणजे अजून आम्ल आहे. निळी म्हणजे चुना जास्त झाला. हिरवी आली की पीएच सात, ना इकडचं ना तिकडचं, मगच पाणी पुढे सोडायचं.

बीडहून आलेल्या, दहावीत आपटलेल्या माणसाच्या डोक्यात एवढी विद्या गेली की मग काय विचारता! उरल्यासुरल्या पट्ट्या तो सरावलीच्या खोलीवर आणायचा आणि बायकोसमोर प्रयोग मांडायचा. चिंचेच्या कोळात पट्टी तांबडी, साबणाच्या पाण्यात निळी. अर्चना शिलाई मशीनवरून मान वर करून हसायची. तिच्या हातच्या ब्लाउजांसाठी बोईसरहून बायका यायच्या. पुढेमागे स्टेशनजवळ छोटासा गाळा घ्यायचा, हे तिचं एकच वेड होतं.

बोअरच्या पाण्यानं मोरीची फरशी पिवळी पडली होती. बाजारातलं अ‍ॅसिड म्हणजे नुसतं पाणी, असं म्हणत झुंबरनं कारखान्यातलं जालीम आम्ल आणलं, तेही कोल्ड्रिंकच्या बाटलीत. नको म्हणून सांगायला कुणी नव्हतं असं नाही, पण याला सगळं ठाऊक ना!

रविवारी सकाळी अर्चना मोरी घासायला बसली. झाकण उघडताना बाटली निसटली आणि आम्ल तिच्या उजव्या हातावर सांडलं. ती तशीच उठून दाराशी भरून ठेवलेल्या पिंपाकडे वळली. झुंबरनं तिचा दंड धरला.

"थांब, पाणी नको. उसळंल."

आम्लात पाणी ओतू नये आणि आम्लाला चुना मारतो, हे दोन नियम कारखान्यात त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेले. दोन्ही खरे, पण टाकीपुरते. त्यानं खिशातून तंबाखूच्या चुन्याची ट्यूब काढली, सगळी तिच्या हातावर पिळली आणि चोळू लागला. तिच्या किंकाळीनं शेजारची जिवली धावत आली. ती जवळच्या माकुणसार गावची, तिला ना आम्ल ठाऊक ना सात. "पाणी टाक ना आदी, बगतं काय?" म्हणत तिनं झुंबरला बाजूला ढकललं आणि पिंपातलं पाणी त्या हातावर ओतत राहिली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

बोईसरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं. आम्ल आणि चुना भिडले की उष्णता निघते, शिवाय चुना स्वतःही कातडी जाळतो. ताबडतोब भरपूर पाणी ओतत राहिला असता, तर बरंचसं वाहून गेलं असतं. झुंबर मान हलवत राहिला. एवढा खजील तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

जखम भरली, पण कातडी आखडली आणि तीन बोटं तळव्याकडे ओढली गेली. सुई चिमटीत धरवत नाही. झुंबरनं तंबाखू सोडली. पट्ट्या तो आता घरी आणत नाही. टाकीत चुना जास्त पडला, तर वरून जरासं आम्ल सोडून पाणी परत साताला आणता येतं. घरी असं काही करता येत नाही, आणि हे त्याला दिवसभर टाकीशी उभं राहून कळत असतं.

परवा जेवताना अर्चना म्हणाली, मशीन कुणाला तरी देऊन टाका, उगीच जागा अडते. तिनं डाव्या हातानं भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि खाली बघूनच, काही राग नसल्यासारखी बोलली.

"मी पाण्याकडंच निघाले होते हो."