गुरुनाथ टाइम

गुरुनाथ चांदेकरने सांगितलेल्या वेळेला पोचून मी आजवर चार वेळा मूर्ख ठरले आहे. एकदा तर दार त्याने डोक्याला टॉवेल गुंडाळून उघडलं आणि मलाच विचारलं, "अगं, एवढ्या लवकर?" वेळ त्यानेच दिलेली होती.

हे त्याचं जुनं तंत्र. मराठी माणूस तासभर उशिरा येतो, म्हणून वेळ तासभर आधीची सांगायची. सातचं जेवण असेल तर मेसेजमध्ये सहा. लोकही काही कच्चे नाहीत. दोन-तीन जेवणांत त्यांना गणित कळलं आणि ते त्याच्या वेळेत एक तास मिळवून येऊ लागले. डब्लिनच्या मराठी मंडळींत ह्याला नावच पडलं, 'गुरुनाथ टाइम'. हे नाव ठाऊक नसलेला त्या गोतावळ्यात एकच माणूस होता, खुद्द गुरुनाथ.

आम्ही दोघं २०११ साली एकाच वर्गात एमएस्सीला आलो. तो नागपूरचा, मी ठाण्याची. आता तो ॲडम्सटाउनला राहतो आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. लग्न केलं नाही. स्वयंपाक उत्तम करतो आणि तो किती उत्तम झालाय हे चार वेळा सांगतो.

पहिल्याच वर्षी जानेवारीत त्याचे वडील गेले. विमानाने निघाला असता तरी अंत्यदर्शन मिळणार नव्हतं. मी तेव्हा नाताळच्या सुट्टीला घरी गेले होते. कॅन्टीनमधल्या बाईंनी त्याला दुपारभर जवळ बसवून चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला. फार मायेच्या होत्या त्या. पण मी परत आले तेव्हा तो मला म्हणाला, "अश्लेषा, माणसं चांगली आहेत गं. पण मराठीत रडायला कोणी नव्हतं."

पुढच्या वर्षी त्याने विद्यापीठात मराठी मंडळ काढलं. सप्टेंबरात उतरणाऱ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला घ्यायला मंडळाचं कोणीतरी विमानतळावर जायचं. सोबत स्टीलच्या डब्यात वरणभात आणि इथल्या भिंतीत बसणारा तीन पिनांचा ॲडॉप्टर. बाकी कार्यक्रम काय, सगळीच मंडळं करतात. डबा मात्र आमचाच. शिक्षण संपलं, नोकऱ्या लागल्या, तरी गुरुनाथ दर सप्टेंबरात रजा काढून विमानतळावर उभा असे.

आणि हे मंडळ बंदही त्यानेच पाडलं.

२०१९चा गणपती. कॉलेजच्या हॉलमध्ये आरती आणि छतावर धुराचा डिटेक्टर. तेव्हाची अध्यक्ष मुक्ता म्हणत होती, कापूर नको, विजेचे दिवे लावू. गुरुनाथ माजी विद्यार्थी, संस्थापक, सगळ्यांचा दादा. "कापराशिवाय आरती म्हणजे काय प्रेझेंटेशन आहे का?" असं म्हणून तो खुर्चीवर चढला आणि डिटेक्टरवर भाजीची पिशवी चढवून वरून रबरबँड लावलं. आरती दणक्यात झाली. मोदक संपले. पिशवी तिथेच राहिली. तीन दिवसांनी ती केअरटेकरला दिसली. पिशवीवर भारतीय किराणा दुकानाचं नाव, फोन नंबर आणि वर हिरव्या शाईत 'शुभ लाभ'. शोध घ्यायला पोलीस लागले नाहीत.

आगीच्या बाबतीत विद्यापीठ थट्टा चालवून घेत नाही आणि तेच बरोबर आहे. 'कोणी केलं?' असं पत्र आलं. त्याच महिन्यात गुरुनाथचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारदरबारी पडून होता आणि त्यात वर्तणूक चांगली असल्याची अट असते. तो घाबरला. चोवीस वर्षांच्या मुक्ताने लिहून दिलं, 'समितीने केलं, जबाबदारी माझी.' मंडळाची मान्यता पाच वर्षांसाठी गेली. मुक्ताच्या फाइलला ताकीद लागली. गुरुनाथ गप्प बसला.

मला हे सगळं माहीत होतं. मीही गप्प बसले, पण मी निदान त्याच्याशी वर्षभर धड बोलले नाही. २०२१ साली त्याला पासपोर्ट मिळाला, तेव्हा तो पेढे घेऊन डून लेरीला माझ्या घरी आला. मी पेढा घेतला आणि विचारलं, "मुक्ताला दिलास?" त्याने पेढ्यांचा बॉक्स बंद केला.

गेल्या वर्षी पाच वर्षं संपली आणि ह्याच्या अंगात वारं संचारलं. मान्यता आपोआप परत मिळत नव्हती. निदान पंचवीस चालू विद्यार्थ्यांनी एका बैठकीला स्वतः हजर राहून सह्या करायच्या होत्या. माजी सदस्यांनी पाठीशी उभं राहायचं होतं आणि जुन्या प्रकरणावर त्या वेळच्या अध्यक्षांनी दिलगिरी व्यक्त करायची होती. गुरुनाथ दर शनिवारी किराणा दुकानात मेथीच्या जुड्यांपाशी उभा राहू लागला. कोणी मराठीत भाव पुटपुटलं की हा पुढे. "कुठले तुम्ही? शिकता का?" दोन जणांना तो दुकानाचा नोकर वाटला. असे करत एकतीस जमवले, घरी बोलावून तीनदा जेवू घातले. त्यांतली पुण्याची अक्षया पुढाकार घेणारी निघाली. तिला होणारी अध्यक्ष ठरवलं.

बैठक यंदाच्या फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, पाच वाजता. इतकं महत्त्वाचं काम, म्हणून गुरुनाथने आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर खरी वेळ टाकली. 'पाच वाजता. शार्प.'

पाचला खोलीत आम्ही पाच जण होतो. मी, गुरुनाथ, अक्षया, नावन गावाहून बसने आलेली मुक्ता आणि विद्यापीठात विद्यार्थी मंडळांचं काम बघणाऱ्या डर्वलाबाई. बाकी तीस खुर्च्या रिकाम्या. पाच-दहाला गुरुनाथ व्हरांड्यात जाऊन आला. पाच-वीसला पुन्हा गेला. "काय झालं असेल?" तो मला कुजबुजून विचारू लागला. "मी शार्प लिहिलं होतं."

अक्षया खाली मान घालून म्हणाली, "दादा, तुम्ही पाच म्हणालात ना. मग सगळे सहाला येणार."

"पाच म्हणजे पाच!"

"तुमचे पाच म्हणजे सहा. गुरुनाथ टाइम." मग सगळंच सांगावं लागलं. ऐकताना त्याचा चेहरा बघवेना. मला हसू येत होतं आणि त्याचं वाईटही वाटत होतं.

अक्षयाने ग्रुपवर मेसेज टाकला, पण मंडळी कुठे कुठे बसमध्ये. डर्वलाबाईंनी घड्याळ पाहिलं. "ग्रँड," म्हणजे इथलं 'ठीक आहे', त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मी सहापर्यंत आहे. सह्या नंतर घेऊ, तोवर जुनं प्रकरण संपवू या." आमचा बेत वेगळा होता. आधी भरलेली खोली, सह्या, टाळ्या आणि त्या गडबडीत मुक्ताचं दोन ओळींचं पत्र. आता मात्र शांत खोली होती आणि हाताशी अर्धा-पाऊण तास.

डर्वलाबाईंनी फाइल उघडली. "डिटेक्टर झाकणाऱ्याचं नाव इथे नाही. मुक्ता, तुम्हाला काही सांगायचंय?"

मुक्ता उभी राहिली. पत्राची घडी उलगडून वाचू लागली, "अध्यक्ष म्हणून ही चूक माझी..."

"तिची नाही," गुरुनाथ म्हणाला. तो बसूनच बोलला, मग उभा राहिला. "ती नको म्हणत होती. खुर्चीवर मी चढलो, पिशवी मी लावली, काढायला मीच विसरलो. माझा नागरिकत्वाचा अर्ज अडकला होता, म्हणून हिच्या मागे लपलो. हिच्या फाइलमधली ताकीद माझी आहे. ती काढा."

मी त्याच्याकडे बघून मराठीत म्हणाले, "पासपोर्ट मिळून चार वर्षं झाली. आता सुचतंय?" मला गप्प राहवत नाही, हा माझा दोष.

"हो," तो म्हणाला. "उशीरच झाला."

मुक्ताने पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं. डर्वलाबाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "हे मला वर कळवावं लागेल. आणि ह्यामुळे मंडळाला मान्यता मिळेलच, असं मी सांगू शकत नाही." आपण खरं बोलून दुसऱ्यांदा मंडळ बुडवलं, असं गुरुनाथला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

पाच-पन्नासला जिन्यावर धडधड झाली. तीसच्या तीस आले, धापा टाकत, वर ऐटीत. "दादा, दहा मिनिटं लवकर!" सह्या झाल्या.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. मान्यता मिळाली, पहिलं वर्ष देखरेखीखाली. मुक्ताची ताकीद रद्द. इमारतीत उघडी ज्योत नाही. आणि दोन वर्षं श्री. चांदेकर विद्यापीठाच्या कोणत्याही इमारतीत मंडळाच्या कार्यक्रमाला हजर राहणार नाहीत. मी फोनवर भडकले. खरं बोलणाऱ्याला ही शिक्षा! तो म्हणाला, "अगं, स्वस्तात सुटलो. मुक्ताने साडेपाच वर्षं भोगली." सप्टेंबरात तो डबे घेऊन विमानतळावर गेला. विमानतळ विद्यापीठाच्या इमारतीत येत नाही.

गणपतीच्या शनिवारी अक्षयाने त्याला कळवलं, 'सहा वाजता सायकल स्टँडपाशी या. बाहेरून दर्शन घ्या.' तो सहाला हजर. मीही त्याच्यासोबत, कारण हा एकटा उभा राहणार हे मला सहन होईना. बारीक पाऊस, वारा. आतून टाळांचा सराव ऐकू येत होता. साडेसहा झाले. पावणेसात झाले.

"अक्षयाने मला गुरुनाथ टाइम दिलाय," तो म्हणाला. त्याला राग आला नव्हता.

सातला पाऊस थांबला आणि हॉलचं दार उघडलं. गणपतीचा पाट दोघांनी धरलेला, मागे चाळीसएक पोरं-पोरी, टाळ, मोदकांची परात. सगळे थेट सायकल स्टँडकडे आले. उघडी ज्योत आत चालत नाही, म्हणून आरती बाहेर, असं अक्षयाने कधीच ठरवून परवानगी काढली होती. आम्हाला दोघांना मात्र पत्ता लागू दिला नव्हता. ताम्हन मुक्ताच्या हातात होतं. ती गुरुनाथसमोर येऊन थांबली. त्या बैठकीनंतर दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

"धरा दादा," ती म्हणाली. "लावा कापूर. इथे वर झाकायला काही नाही."

वाऱ्याने काडी तीनदा विझली. चौथ्यांदा पोरांनी हातांचा आडोसा केला आणि कापूर पेटला. आरती सुरू झाली. गुरुनाथला पहिल्या ओळीपुढे म्हणता आली नाही, तो ढसाढसा रडत होता. मुक्ताने त्याच्या हाताखाली आपला हात लावून ताम्हन सावरलं आणि बाकीच्या चाळीस जणांनी आरती पुढे नेली.